घरचं पातेलं

ठकू,

आईला दवाखान्यात नेतोय. सकाळपासून उलट्या थांबत नाहीत. ओट्यावरच्या तांब्याच्या पातेल्यातलं टोमॅटोचं सूप ओतून दे, चाखूही नकोस. कालपासून त्यातच होतं आणि आतली कल्हई कधीच उडालीय. पितळी डब्यातल्या लिंबाच्या फोडीही टाक. तू पाव खाऊन घे.

कल्हई गेलेल्या भांड्यात आंबट ठेवू नका, हे मी गिऱ्हाइकांना रोज बजावतो. आई महिनाभर म्हणत होती, "अहो, आतून तांबडं दिसतंय." मी म्हणायचो, आधी गिऱ्हाइकांची भांडी होऊ देत.

डॉक्टरांना मीच सांगेन.

पातेलं रिकामं झालं की दुकानात नेऊन ठेव. रांगेत सगळ्यात पुढे.

बाबा