आईची गाडी आणि माझं लिनक्स

४ फेब्रुवारी

पुन्हा गेलं. आई खेळातल्या सिग्नलला थांबली, संगणकाचा पडदा काळा झाला आणि समोर लॉगिनचा चौकोन. नाव सांगा, पासवर्ड सांगा. जणू आम्ही या घरात आत्ताच पहिल्यांदा पाऊल टाकलंय.

आई दोन्ही हात वर करून बसली. ‘मी काही केलं नाही गं.’

नुसता खेळ बंद पडला असता तर एक वेळ समजू शकले असते. इथे खेळासकट अख्खा डेस्कटॉप जातो. उघडलेली फाइल, अर्धवट लिहिलेला मजकूर, सगळं. मी तिला म्हटलं, आई, तुझी चूक नाही. वापरणाऱ्याची चूक कधीच नसते. हे मी मनापासून मानते.

बाबा शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाले, ‘माझ्या यंत्राचाही दोरा तुटतो. पण ते मला “तू कोण” असं विचारत नाही.’

५ फेब्रुवारी

सगळं एकदा नीट लिहून काढते. डोकं थंड होईल.

आई शाळेच्या व्हॅनवर ‘बाई’ आहे. मुलांना चढवायचं, उतरवायचं, रडणाऱ्याला मांडीवर घ्यायचं, उलटी झाली तर पुसायचं. व्हॅनचा ड्रायव्हर मार्चअखेर नोकरी सोडतोय. मालक आईला म्हणाले, ‘ताई, मुलं तुमचं ऐकतात, रस्ता तुम्हाला पाठ आहे. लायसन्स काढा, ती सीट तुमची.’ आई घरी आली ती तरंगतच. त्या दिवशी तिने आमटीत मीठ दोनदा घातलं आणि आम्ही कुणी काही बोललो नाही.

ड्रायव्हिंगच्या वर्गाचे सगळे तास संपले. आता परीक्षा मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आमच्याकडे गाडी नाही, आणि मास्तर म्हणतात, ‘महिनाभर हात लावला नाहीत तर पाय विसरतात हो.’ म्हणून मी हा गाडी चालवायचा खेळ शोधला. वाचनालयात मी काम करते तिथे जुने संगणक भंगारात काढले, त्यातला एक मागून आणला. त्यावर नेहमीच्या सिस्टिमऐवजी लिनक्स टाकलं. कारण ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. कुणीही उघडून बघावं, शिकावं, सुधारावं. या घरातली पहिली पदवी माझी. त्या पदवीतून आईच्या हाताला स्टिअरिंग मिळणार असेल, तर ती फ्रेममध्ये लावायची गरज नाही.

(बाबांनी ती फ्रेममध्ये लावलीच आहे. शिवणयंत्राच्या वर. गिऱ्हाईक माप द्यायला उभं राहिलं की नजर तिथेच जाते.)

खेळात नवशिक्यांसाठी सोपा प्रकार असतो, क्लच आपोआप चालतो. मी तोच लावला होता. आईने काढायला लावला. ‘क्लचशिवाय गाडी? पाळणा आहे का तो?’ तिला सगळं मास्तरांसारखं हवं. मास्तरांचा मंत्र असा— ‘थांबायचं म्हणजे ब्रेक, क्लच, हँडब्रेक. तिन्ही घट्ट. मग हत्ती ढकलायला आला तरी गाडी हलता कामा नये.’ कीबोर्डवर तिन्हीला एकेक बटण आहे. आईची बोटं सुरुवातीला गोंधळली, आता सरावली.

सरावली, आणि आता हा बिघाड!

७ फेब्रुवारी

आज सुट्टी. बिघाड पकडायचा म्हणून मीच खेळायला बसले. मला गाडी येत नाही, त्यामुळे सोपा प्रकार. दुभाजकावर चढले, फुलांचं दुकान पाडलं, एका पुलावरून खाली गेले. यंत्र ठणठणीत. एकदासुद्धा पडदा गेला नाही.

आई मागे उभी राहून बघत होती. ‘अगं माणसं आहेत ती! माणसं! चष्मा लाव.’

मग ती बसली. शिस्तीत निघाली, इंडिकेटर दिला, चौकात अलगद थांबली. पडदा काळा.

म्हणजे माणसं चिरडली तर चालतं, सिग्नल पाळला तर हाकलून देतात. बाबा म्हणाले, ‘बनवणाऱ्याने खरे रस्ते बघितलेले दिसतात.’

९ फेब्रुवारी

इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या मंचावर प्रश्न टाकला. संगणकाचं वय, ग्राफिक्स कार्ड, खेळाची आवृत्ती, सगळं व्यवस्थित. शेवटी लिहिलं की माझ्या आईच्या नोकरीचा प्रश्न आहे. मग वाटलं, हे लिहायला नको होतं. मग वाटलं, का नको? ठेवलं.

‘जुना पंखा’ नावाच्या कुणीतरी उत्तर दिलं. त्याने मागितलेल्या संगणकाच्या नोंदी मी पाठवल्या. कुणाला कुणाचं काही देणं नाही, तरी एक अनोळखी माणूस माझ्या आईच्या गाडीसाठी आकड्यांच्या ओळी वाचत बसलाय. मला हेच जग हवं आहे.

११ फेब्रुवारी

बाबा परस्पर कोपऱ्यावरच्या संगणकवाल्याला घेऊन आले. त्याच्या शर्टाची कॉलर उलटवून द्यायची होती, त्या बदल्यात.

त्याने पडदा पाहिला आणि ओळखीचं कुणी वारल्यासारखा चेहरा केला. ‘ताई, हे काय टाकून बसलात? नेहमीची सिस्टिम टाकतो की. माझ्याकडे कॉपी आहे. चहा होईपर्यंत काम होतं.’

‘चोरीची कॉपी?’

‘चोरीची कशाला, सगळ्यांचीच आहे.’

मी त्याला सगळं सांगितलं. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे काय, दुसऱ्याच्या दारात मिंधं राहणं म्हणजे काय, शिकण्याचं स्वातंत्र्य म्हणजे काय. त्याचा चहा झाला, दुसरा कपही झाला. जाताना आईला हळूच म्हणाला, ‘मावशी, शिकलेली मुलगी आहे, तब्येतीला जपा.’ कुणाच्या, ते सांगितलं नाही.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, ‘भाषण उत्तम झालं. यंत्र चालू झालं का?’

१४ फेब्रुवारी

जुन्या पंख्याच्या सांगण्यावरून ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम, बदलला. बाबांना ‘ड्रायव्हर’ तेवढाच शब्द ऐकू गेला. ‘ड्रायव्हर बदलायचा तर आधी आईला विचार, ती सीट तिची ठरलीय.’

नवा ड्रायव्हर टाकल्यावर पडदाच उठेना. खेळ नाही, लॉगिन नाही, नुसती काळी पाटी आणि कोपऱ्यात लुकलुकणारी रेघ.

आईचा दिवस वाया जाऊ नये म्हणून ती बाबांच्या शिवणयंत्रावर बसली. ताटली स्टिअरिंगसारखी धरली आणि पायाखालची फळी क्लच समजून दाबली. सुईखाली कुणाची तरी पँट होती. त्या पँटचा एक पाय आता शिवून बंद झालाय. बाबा टाके उसवत बसले होते. म्हणाले, ‘गाडी चांगली पळाली. प्रवासी अडकला.’

१५ फेब्रुवारी

जुना ड्रायव्हर परत टाकला. पडदा आला. बिघाडही आला.

१७ फेब्रुवारी

आजचा दिवस वाईट.

जुन्या पंख्याने लिहिलंय, ‘हे कोसळल्यासारखं दिसत नाही. नोंदीत लॉगिन केलेलं सेशन रीतसर बंद झालंय, कुणीतरी बंद करायला सांगितल्यासारखं. वापरणारी व्यक्ती थांबताना नेमकं काय करते?’

मला रागच आला. कुणीतरी म्हणजे कोण? घरात भूत आहे? शेवटी सगळे तिथेच येतात, वापरणाऱ्यावर. त्यातून ती बाई असेल, पन्नाशीची असेल, तर विचारायलाच नको. मी लिहिलं, ‘वापरणारी व्यक्ती माझी आई आहे आणि ती काहीही चुकीचं करत नाही.’

त्याने लिहिलं, ‘चुकीचं करते असं म्हटलंच नाही.’

मी ते पान बंद केलं.

संध्याकाळी आई व्हॅनवरून आली, चहासुद्धा न घेता खेळाला बसली. गेलं. परत लॉगिन. परत गेलं. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून रडले. मला वाटलं होतं नळाच्या आवाजात कळणार नाही. आई मागून आली, नळ बंद केला.

‘वेडी का तू? खेळ आहे तो.’

‘खेळ नाही, तुझी नोकरी आहे ती. त्या संगणकवाल्याने केव्हाच चालू करून दिला असता. माझ्या हट्टापायी तुझा सराव बुडतोय.’

‘तुझा हट्ट मला लहानपणापासून माहीत आहे. दूध प्यायचं नसलं की तू वाटी उपडी करायचीस.’ पदराने माझं तोंड पुसलं, व्हॅनमधल्या मुलांचं पुसते तसंच, जरा जोरात.

१९ फेब्रुवारी

सुटलं! सुटलं! सुटलं!

डेस्कटॉपचे इफेक्ट बंद केले. खिडक्या उघडताना जरा फुलतात, सावल्या पडतात, ती नटवेगिरी. जुन्या कार्डाला ती झेपत नव्हती. मी ती बंद केली, आईला बसवलं, आणि आई शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. सगळे सिग्नल. शाळा. घाट. परत. पडदा हलला नाही.

मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी कात्री टेबलावर आपटून साथ दिली. आई हसली. म्हणाली, ‘तुझं झालं ना मनासारखं?’ मी म्हटलं, माझं कसलं, तुझं.

लगेच मंचावर लिहिलं. मोठ्या अक्षरात शीर्षक, ‘सुटलं’. खाली सगळी हकिगत, ज्यांना हाच त्रास असेल त्यांच्यासाठी. जुन्या पंख्याचे आभारही मानले, मन मोठं करून. मग ते आईबाबांना वाचून दाखवलं. आईने विचारलं, ‘हे सगळ्या जगाला दिसतं?’ सगळ्या जगाला, मी म्हटलं. आई बराच वेळ त्याकडे बघत होती. तिला अभिमान वाटला असावा.

२० फेब्रुवारी

जुना पंखा विचारतो, ‘पण इफेक्टमुळे सेशन रीतसर कसं बंद होईल?’ काही लोकांना आनंद सोसत नाही.

२३ फेब्रुवारी

आजही एकदासुद्धा नाही गेलं. वाट वाकडी करून संगणकवाल्याच्या दुकानासमोरून चालत गेले. त्याने ओळखलं नाही. परत फिरून पुन्हा गेले.

२८ फेब्रुवारी

आई आता बोलता बोलता चालवते. सिग्नलला थांबली की मला विचारते, कांदे आणलेस का? मी शेजारी बसायची आता गरज राहिली नाही. आत पुस्तक वाचते आणि तिच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकते. इतका गोड आवाज दुसरा नाही.

एकाने मंचावर लिहिलंय की त्यालाही इफेक्ट बंद करून फरक पडला. मी बाबांना सांगितलं. ‘बघ, साथ पसरली,’ बाबा म्हणाले.

५ मार्च

आई नापास.

मी रजा काढून गेले होते. मैदानाच्या कठड्याबाहेर मास्तर आणि मी. आईने आठचा आकडा काढला, इतका सुबक की मास्तर मला कोपराने ढोसून म्हणाले, ‘बघा, रांगोळी.’ मागे घेतली, लावली. शेवटी चढ. चढावर मध्येच थांबायचं, मग सुटायचं. ती थांबली. सुटायला गेली आणि गाडी मागे घसरली. हळूहळू, कुणालाही घाई नसल्यासारखी. खालचं रिकामं पिंप आडवं झालं, गडगडत परीक्षा घेणाऱ्या साहेबांच्या टेबलापर्यंत गेलं. साहेबांनी पाय वर घेतले आणि तसेच बसून कागदावर फुली मारली.

मास्तर कपाळावर हात मारून घेत होते. ‘ताई, हँडब्रेक! हँडब्रेक कुठे गेला? वर्गात तर सगळ्यांच्या आधी तुमचा ओढलेला असायचा. मी पोरांना तुमचं उदाहरण देत होतो.’

आईने पर्स उघडली, बंद केली.

मालकांना फोन केला. मार्चअखेर आणखी एक परीक्षा आहे, तोवर थांबतो म्हणाले. त्यानंतर नाही. त्यांच्या पाहण्यात दुसरा माणूस आहे.

घरी येईपर्यंत आई खिडकीतून बाहेर बघत होती. मला वाटलं, परीक्षेची भीती. भल्याभल्यांचं होतं. उद्यापासून रोज चढाचाच सराव घ्यायचा.

६ मार्च

खेळात चढ निवडला. आई चढावर थांबली. ब्रेक दाबला, क्लच दाबला. मी म्हटलं, आता हँडब्रेक. तिने उजवा हात उचलला आणि परत मांडीवर ठेवला.

‘नको. बंद पडेल.’

‘काय बंद पडेल?’

‘तुझं यंत्र. तो ओढला की पडदा जातो. म्हणून मी सोडून दिला.’

तिच्या डाव्या हाताखाली कंट्रोल आणि ऑल्ट दाबलेले होतेच, ब्रेक आणि क्लच म्हणून. हँडब्रेकचा बॅकस्पेस मी दाबला. पडदा काळा. लॉगिनचा चौकोन. ही तीन बटणं एकत्र दाबणं म्हणजे लिनक्सला सेशन बंद कर असा हुकूम देणं. यंत्र बिघडलं नव्हतंच. सांगितलेलं ऐकत होतं. हँडब्रेकला दुसरं बटण द्यायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागला नाही.

‘कधीपासून सोडलास?’

‘तू नळ सोडून रडत होतीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.’

‘आणि मी सुटलं सुटलं म्हणून नाचत होते, तेव्हा का नाही बोललीस?’

आई पासवर्ड भरत होती, एकेक अक्षर शोधून. वर न बघता म्हणाली, ‘तू सगळ्या जगाला कळवून मोकळी झाली होतीस. चारचौघांत तुला खोटं कसं पाडायचं?’