ट्रकलोड म्हणजे नेमकं किती

वन्सं, मी स्टूलवर चढून पंखा पुसत होते. दूध तापवून झालं होतं, पिळलेले कपडे बादलीत पडले होते, आणि दारात ट्रक येऊन उभा राहिला. नमस्कार करायचा राहिला, तो आता करते. तुमचे गुडघे कसे आहेत? माझे हल्ली जमिनीवर बसून मोकळे झालेत. का, ते कळेलच.

तुमचे चिरंजीव फोनवर म्हणाले होते, "मामी, मामांचं ट्रकलोड सामान पडलंय. दे आईकडे पाठवून, ती गरजूंना वाटेल." मी ह्यांच्या डिक्शनरीत पाहिलं (संध्याकाळी आता तीच वाचते, गोष्ट विशेष नाही, पण शब्द चांगले आहेत). हँडफुल म्हणजे मूठभर. आर्मफुल म्हणजे कवेत मावेल तेवढं. बकेटलोड, ट्रकलोड, बोटलोड हे नुसतं 'पुष्कळ' म्हणायला, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. तेव्हा मला अर्थ कळला नाही असं समजू नका. पण ट्रक खरोखरचा आला.

आणि ह्यांचं सामान किती? दोन पेट्या, एक खुर्ची. ट्रकच्या कोपऱ्यात दिसेनासं झालं. तीस वर्षं तुमच्या भावाने गोदामाच्या काट्यावर गाड्या तोलल्या, अर्धी गाडी कधी फाटकाबाहेर सोडली नाही (जेवणाचा डबासुद्धा अर्धा चालत नसे). मग त्यांचीच गाडी मी तशी कशी सोडू? पलंग चढवला. कपाट चढवलं. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, पुरे की आता!" मी म्हटलं, "दोरी बांधावी लागेपर्यंत पुरे नाही." टेबल गेलं. शेजारीण मोडकं शिलाई मशीन घेऊन धावत आली. वरच्या मजल्यावरून दोन दरवाजे आले (कुणाचे, ते मी विचारलं नाही). दोरी आवळली तेव्हा कुठे समाधान झालं. गाडी वळणाआड गेली, मी टेकायला आत आले, तर घरात फर्निचर म्हणून उरलं होतं ते स्टूल.

तुमची,
वहिनी

ता. क. पलंग, कपाट, दरवाजे, सगळं खुशाल वाटून टाका. फक्त खुर्चीच्या पाठीवर त्यांचा राखाडी स्वेटर आहे. गाडी भरायच्या नादात तोही गेला. तो मला द्यायचा नव्हता. आर्मफुलसुद्धा होणार नाही, एवढासाच आहे. तो कुणाला देऊ नका.

पुन्हा ता. क. गाडी रिकामी परत आलेलीही त्यांना खपत नसे. दुसऱ्या दिवशी मी ड्रायव्हरला फोन केला. सोमवारी सकाळी तुमच्याकडून रिकामाच निघतोय म्हणाला. मी सांगितलं, रिकामा नाही, स्वेटर आहे.