तुर्की कशाला, याचं उत्तर

गेर्लिंगेन,
शनिवार, १७ नोव्हेंबर २००७

ती. साधनावन्सं,

नमस्कार. आम्ही तिघं धडधाकट आहोत, विनयची पाठ सोडून. ती स्वतंत्र आहे आणि आपली खुशाली स्वतःच मोठ्याने कळवत असते.

सुरुवातीलाच एक तक्रार नोंदवते, कारण ती ऐकून घेणारं कार्यालय या देशात नाही. बाकी सगळ्याला आहे. हेडफोन बनवणाऱ्यांनी अंबाडा नावाची वस्तू जगात आहे हे गृहीतच धरलेलं नाही. विनयने सेलमध्ये जो हेडफोन आणला त्याची पट्टी डोक्यावरून न जाता मागून जाते. ती वर सरकवली तर कान सुटतात, खाली सरकवली तर अंबाडा. म्हणजे दर शनिवारी सकाळी नऊ वाजता मला ठरवावं लागतं, की आज तुर्की ऐकायची की सभ्य दिसायचं. एकदा केस मोकळे सोडून बसले, तर आमच्या तुर्कीच्या शिक्षिका सेविमबाईंनी अंकाऱ्याहून काळजीने विचारलं, "हर्षा हानम, घरी सगळं ठीक आहे ना?" मानवी हक्कांवर इतकी चर्चा करणाऱ्या खंडात हे चालतं, एवढंच म्हणते.

आता तुमच्या कार्डाकडे वळते.

बारा वर्षं दर दिवाळीला तुमचं कार्ड येतं, त्यात दोन ओळी असतात. शुभेच्छा आणि निहारला आशीर्वाद. मीही मोजून दोन ओळी पाठवते. शस्त्रसंधी इतक्या शिस्तीत पाळल्याचं दुसरं उदाहरण इतिहासात सापडणार नाही. या वर्षी मात्र तिसरी ओळ होती. "निहार फोनवर म्हणाला तू तुर्की शिकतेस. कशाला?"

मी ते कार्ड फ्रिजवर लावलं. विनय म्हणाला, "ताईने विचारलंय तर उत्तर दे की." मी म्हटलं, देते. मग तीन दिवस दिलं नाही. आज देते.

तर, मी विद्यार्थिनी आहे. सेहेचाळिसाव्या वर्षी. अंकाऱ्याच्या एका विद्यापीठाचा दूरशिक्षणाचा वर्ग आहे आणि त्यांच्या कागदोपत्री मी "आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनी" आहे. फोटोचं ओळखपत्रसुद्धा आलंय. ते दाखवून मी पोहण्याच्या तलावावर सवलत मागितली. खिडकीतल्या बाईने आधी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग पूर्ण पैसे घेतले. निहार शेजारीच उभा होता. "आई, दास इस्ट पाइनलिश," म्हणाला. म्हणजे लाज आणतेस. त्याला मराठी सगळं कळतं, पण आईची लाज त्याला जर्मनमध्येच वाटते.

तुम्ही म्हणाल, ज्या गावात दर चौथ्या दारावर तुर्की आडनाव आहे तिथे राहून हिला तुर्कीसाठी अंकाऱ्याला तार जोडायची काय गरज. आधी मी सरळ मार्गानेच गेले होते. इथल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे आपल्या रात्रशाळेच्या इस्त्री केलेल्या आवृत्तीत, नाव घातलं. आठ जण लागतात, आम्ही तिघंच झालो. वर्ग रद्द. तिथला माणूस म्हणाला, "आल्झो, आम्ही तुर्कांना जर्मन शिकवतो. उलटं कोणी मागत नाही."

आणि जिन्यात भेटणाऱ्यांकडून शिकायला माझी तयारी नव्हती. का, ते तुम्हाला ठाऊक असेल. मला हसणं जमतं. स्वतःवर कुणी हसलेलं सोसत नाही.

वर्गात आम्ही अकरा जण. सोलचा जीवोन, सोमालियाकडच्या हर्गेसाचा अब्दी, हे सगळे विशी-बाविशीतले. त्यांना तुर्कस्तानात शिष्यवृत्तीवर पुढचं शिकायला जायचंय. मी त्यांची आब्ला. म्हणजे ताई. अब्दीकडे वीज जाते, तो वाक्याच्या मध्यात नाहीसा होतो आणि वीस मिनिटांनी क्रियापदासकट परत येतो. तुर्कीत क्रियापद आपल्यासारखं शेवटीच असल्याने त्याचं काही बिघडत नाही. माझं मात्र बिघडतं, कारण आवाज पोहोचायला अर्धा सेकंद लागतो. मी काही विनोद करावा, तर आधी अर्धा सेकंद स्मशानशांतता. वन्सं, माझ्यासारख्या बाईला यापेक्षा मोठी शिक्षा कोणत्याही न्यायालयाने दिली नसती.

पण गंमतही आहे. पहिल्याच महिन्यात मी वर्ग चालू असताना डाळीचा कुकर लावला होता. शिट्टी झाली. सेविमबाई दचकल्या. कुकर म्हणजे काय हे सांगण्याइतकी तुर्की मला येत नव्हती, मग मी नुसतं बोट वर केलं: एक. दुसऱ्या शिट्टीला अब्दी ओरडला, "इकी!" तिसऱ्या शिट्टीला सगळा वर्ग, चार देशांतून, तीन खंडांतून म्हणा हवं तर, "उच्!" एकमेकांना कधीही न भेटलेली अकरा माणसं माझी डाळ शिजवत होती. इतकं बरं मला कॉलेजात कधी वाटलं नव्हतं.

आता विद्यापीठाने प्रश्नावली पाठवलीय. दूरशिक्षणाने तुर्की शिकण्याबद्दल आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांना काय वाटतं, यावर कोणीतरी संशोधन करतंय. अडतीस विधानं, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण सहमत' पासून 'पूर्ण असहमत' पर्यंत. "दूरशिक्षणामुळे मला एकटं वाटतं." मी 'सहमत' वर खूण केली, मग शिट्ट्या आठवल्या, खोडली. "चूक करायला मला भीती वाटत नाही." इथे मी चहा करायला उठले. शेवटी एक मोकळी जागा: तुर्की शिकण्याचं कारण. मुलांनी शिष्यवृत्ती, नोकरी, असं लिहिलं असणार. मी लिहिलं, 'शेजारधर्म'.

तुम्हाला खालच्या मजल्यावरच्या नाझमिये आठवतात? तुम्ही आलात तेव्हा त्या चोपन्न-पंचावन्नच्या होत्या, लाल स्वेटर, जिना पुसताना गाणं म्हणायच्या. तुम्ही परत गेल्यावर तिसऱ्या दिवशी त्या वर आल्या, निहारला माझ्या हातातून घेतलं आणि पुढची आठ वर्षं मी कामावर गेले की तो त्यांच्याकडेच वाढला. मी इतकी वर्षं समजत आले, की बाळाचं रडणं जिन्यातून ऐकून आल्या.

या जानेवारीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. हात सुधारला, चालणं सुधारलं. पण जर्मन गेली. पस्तीस वर्षांची जर्मन एका सकाळीत पुसली गेली, तुर्की तेवढी राहिली. डॉक्टर म्हणतात असं होतं. मुलगी आठवड्यातून दोनदा येते. बाकी वेळ बाई खिडकीशी बसतात. मी खाली जायचे, आम्ही दोघी एकमेकींकडे बघून माना हलवायचो. निहारला ज्यांनी बोलायला शिकवलं त्यांच्याशी मला बोलता येईना.

हे झालं 'कशाला'चं उत्तर. उरलेलं उद्या लिहिते. विनय भाजी काय करायची विचारतोय, म्हणजे त्याला भूक लागलीय आणि त्याला काही करायचं नाहीय.

रविवार, सकाळ

रात्री पत्र वाचून पाहिलं. फार हुशारीने लिहिलंय. तेच वाईट आहे त्याच्यात.

ऑक्टोबरात आम्हाला घरचा अभ्यास होता. 'माझी शेजारीण' या विषयावर तीन मिनिटं बोलून, ते ध्वनिमुद्रित करून पाठवायचं. मी सात वेळा केलं. सेविमबाईंनी चांगलं म्हणून वर्गात लावलं. माझी तुर्की, वन्सं, मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकली. प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज वर चढत होता, जशी काही मी शेजारणीबद्दल बोलत नसून तिची मेथीच्या जुडीसारखी घासाघीस करतेय. आधी अब्दीला हसू फुटलं. मग सगळ्यांना. सेविमबाईंनासुद्धा. खोलीत लोक हसले तर थोडंफार भिंती शोषून घेतात. हेडफोनमधला हशा थेट कवटीत उतरतो.

मी तार काढली. नंतर कळवलं, इंटरनेट गेलं होतं. दूरशिक्षणाचा हा फायदा प्रश्नावलीत नाही.

आणि स्वयंपाकघरात त्याच टेबलाशी बसून राहिले, जिथे तुम्ही बसायचात. तुमची ती जर्मनची पुस्तिका आणि चार कॅसेट्स. कराडहून येण्याआधी आठ महिने तुम्ही पोस्टाने कोर्स केला होतात, शाळा सांभाळून, भाच्याच्या डॉक्टरशी बोलता यावं म्हणून. मी तेव्हा म्हटलं होतं, "पोस्टाने मनिऑर्डर येते वन्सं, भाषा नाही येत."

मग निहारला ताप आला. विनय हॅनोव्हरला, मी स्वतः तापाने पडलेली. तुम्ही बाळाला शालीत गुंडाळून बर्फातून एकट्या डॉक्टरकडे गेलात. आणि म्हणालात, "बित्ते, डॉक्टर. किंड हाइस. नाख्त निक्स ट्रिंकन." बाळ गरम. रात्री काही पीत नाही. डॉक्टरला सगळं कळलं. कान सुजला होता. औषध घेऊन आलात आणि मला ते वाक्य इतक्या आनंदाने सांगितलंत.

आणि मी दहा दिवसांनी, संक्रांतीला, आपल्याच घरी जमलेल्या बावीस माणसांपुढे त्याची नक्कल केली. डोक्यावर पदर, त्यावर विनयची लोकरी टोपी. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. माझ्या त्या काळातल्या सगळ्या विनोदांत तो सर्वांत यशस्वी होता. तुम्ही आत वाट्या भरत होतात. बाहेर आलात, एकेकाला तिळगूळ दिलात, मलाही. "गोड बोल," म्हणालात. चार दिवसांनी सांगितलंत, की शाळेतून बोलावणं आलंय. व्हिसा अजून पाच आठवडे होता. मी विचारलं नाही. विनयने विचारलं, तर त्याला मी म्हटलं, "त्यांना थंडी सोसत नाही."

हे मी बारा वर्षं दोन ओळींत बसवत होते.

आता शेवटचं, ज्यासाठी खरं तर पत्राला बसले. गेल्या रविवारी खाली गेले. मनाशी घोकत घोकत, हातात वरणाचं पातेलं. दारातून मी पूर्ण वाक्य टाकलं, त्याच मेथीच्या जुडीच्या चालीत. नाझमिये आब्ला हसायला लागल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा, असं त्यांची मुलगी म्हणाली. हसताना माझा हात धरून ठेवला होता, सोडलाच नाही. तोंड थोडं वाकडं होतं त्यांचं अजून. मीही हसले. आणि वन्सं, मला काहीही झालं नाही.

मग त्यांनी विचारलं, "तुझी ग्योरुम्जे कशी आहे?" ग्योरुम्जे म्हणजे नवऱ्याची बहीण. तुर्कांकडे नणंदेला स्वतंत्र शब्द आहे, त्यावरून ते किती अनुभवी लोक आहेत ते कळतं. मी म्हटलं, बरी आहे. तुम्ही कसं ओळखता तिला? जिन्यात भेटला असाल तेवढंच ना?

त्या सावकाश बोलल्या. मी तीनदा थांबवून विचारलं, मुलीकडूनही खात्री करून घेतली.

"जायच्या आदल्या दिवशी माझ्या दारात आली. वाटीत तिळाची मिठाई. म्हणाली, मी जाते. बाळ लहान. आई एकटी. तू वर जा. मी म्हटलं, बोलावल्याशिवाय कशी जाऊ? तर म्हणाली, ती बोलावणार नाही. तू जा."

त्याच जर्मनमध्ये म्हणालात ना? दुसरी कुठली येत होती तुम्हाला. मी नक्कल केली त्यानंतर आठवडाभरात.

मी पातेलं ठेवलं आणि वर आले. विनय म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, कांदा. आमच्याकडे त्या दिवशी कांदा नव्हता, पण तो समजूतदार आहे.

वन्सं, माझं चुकलं. याच्या मागोमाग एखादं चुरचुरीत वाक्य येऊ पाहतंय, ते मी येऊ देत नाही.

आणि तुम्ही नाझमिये आब्लांना सांगितलंत ते अगदी खरं होतं. मी बोलावणार नव्हते. आता बोलावते. मे महिन्यात या, पूर्ण तीन महिने. खाली एक बाई तुमची चौकशी करतेय. तिची जर्मन गेली, तुमचीही बारा वर्षांत गंजली असेल, मध्ये बसायला मी आहे. निहार म्हणतो, आत्या आली तर तो मराठीत भांडेल. एवढं मोठं आश्वासन त्याने मला कधी दिलेलं नाही.

प्रश्नावलीतलं 'शेजारधर्म' मी खोडलं. तिथे तुमचं नाव लिहिलंय. संशोधकाला काही कळणार नाही, पण चौकोन नव्हता, जागा मोकळी होती.

पत्रासोबत एक सीडी आहे. साध्या प्लेअरवर चालेल अशी विनयकडून करून घेतली, काय आहे ते त्याला सांगितलेलं नाही. 'माझी शेजारीण', तीन मिनिटं दहा सेकंद. एक शब्द कापलेला नाही. तुमच्या भिशीत लावा. बावीस बायका जमल्या तर फारच उत्तम. वर्गाचा हशा तेवढा त्यात नाही, तो तुम्हाला तिकडचा घालावा लागेल.

तुमची भावजय,
हर्षा