तिसऱ्या रविवारी न पुकारलेली नावं

बाबा, तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमच्याशी भांडायची मला भीती वाटत नाही. तुम्ही होता तेव्हा वाटायची. मलाच नाही, आख्ख्या पॅरिशला, आपल्या चर्चच्या सगळ्या माणसांना. कॅटेकिस्ट मास्तर सायकलवरून येताना दिसले की पत्ते कुटणारे पत्ते गोधडीखाली सारायचे आणि रविवारची मिस्सा, चर्चमधली उपासना, बुडवणारे मागच्या दाराने पसार व्हायचे. मला तेव्हा काय अभिमान वाटायचा त्याचा! फादर परदेशातून आलेले, त्यांना मराठी जेमतेम यायची. त्यामुळे लोकांना धर्म शिकवायचा, लग्न ठरलेल्यांना समोर बसवून चार गोष्टी सांगायच्या, चर्चच्या कायद्यात कोणाचं कोणाशी लग्न बसतं आणि कोणाशी बसत नाही ते उलगडून सांगायचं, हे सगळं तुमच्या अंगावर. फादर उपदेश करायचे आणि त्याचा अर्थ लोक तुम्हाला विचारायचे. पुढे मोठी झाल्यावर तोच अभिमान मला बोचायला लागला. आज तुम्हाला ऐकावंच लागेल. "चला, रोझरीच्या जपाची वेळ झाली," असं म्हणून उठून जायची सोय तुम्हाला आता राहिलेली नाही.

आपल्या घराचा आठवडा पॅरिशच्या आठवड्यावर चालायचा. सोमवारी तुम्ही आजाऱ्यांच्या घरी, शुक्रवारी दूधपावडरचं वाटप, शनिवारी चर्चची झाडलोट, रविवारी सकाळी मिस्सा आणि दुपारी तुमचा धर्मशिक्षणाचा वर्ग. बुधवार मात्र बायांचा. पॅरिशमधल्या चारपाच बाया डबे घेऊन धंतोलीच्या दवाखान्यांत जायच्या. उमरेडकडून, वर्ध्याकडून पेशंट यायचे, आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं व्हरांड्यात फडकी अंथरून बसलेली असायची. त्यांना ना डॉक्टरचं बोलणं कळायचं, ना कुठल्या खिडकीवर जायचं ते. त्यांना वरणभात द्यायचा, घरी पोस्टकार्ड लिहून द्यायचं, एवढंच काम. पण ताईचा त्यात जीव होता. बुधवारी पहाटे आई सिगडी पेटवून हंडीत भात शिजवते आहे, ताई ओल्या केसांनी डबे भरते आहे, आणि आई म्हणते आहे, "अवं, केस तं पूस आधी, भातात पाणी पडून राहिलं!" मी नववीत. मला डबे पुसायचं काम. त्या स्वयंपाकघरात तेव्हा हसणं फार होतं, बाबा. तुम्ही बाहेर वाचत बसलेले असायचे, म्हणून ते तुम्हाला ऐकू आलं नसेल.

तिथल्याच एका दवाखान्यात तो कंपाउंडर होता. आपल्या वस्तीच्या पलीकडे राहायचा. त्याच्या आईवडिलांनी छप्पन साली इथेच बुद्धधम्माची दीक्षा घेतलेली. कोणत्या पेशंटजवळ कोणीच नाही, कोण लाजून उपाशी बसलं आहे, हे तो ताईला सांगायचा. तेवढ्यावरून सुरू झालं. मग तो तुमच्या रविवारच्या वर्गाला येऊन मागे बसायला लागला आणि प्रश्न विचारायला लागला. तुम्हाला प्रश्न विचारणारी माणसं आवडायची हे मी कबूल करते. "पोरगं डोकेबाज आहे," असं तुम्ही जेवताना म्हणालात आणि ताईने मान खाली घातली, तेव्हाच आईने ओळखलं. तुम्हाला कळायला आणखी वर्ष लागलं.

कळल्यावर तुम्ही आकांडतांडव केलं नाही, उलट फादरांशी बोलून त्याच्या बाप्तिस्म्याची तयारी करून घेतलीत. त्याची आई एकदा आपल्या घरी आली होती, आठवते? पांढरं नेसलेली, ताठ मानेची बाई. तुम्ही खुर्ची दिलीत तर ती म्हणाली, "मास्तर, आम्ही एकदा धर्म बदलला, तो मानानं जगाले बदलला. कोणाच्या पोरीसाठी माह्या पोरानं बदलू नये. त्याच्या मनातून येऊन राहिलं असन, तं मी आडवी नाही येत." तुम्ही म्हणालात, "त्याच्या मनातूनच हाय." ती चहा न घेता गेली, पण जाताना ताईच्या पाठीवर हात ठेवून गेली. त्या बाईने टाकलेल्या विश्वासाचं पुढे काय केलंत?

मे महिन्यातली ती रविवारची दुपार. चर्चचे पंखे गरम हवा फिरवताहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी खांद्यावर हात ठेवून त्याची जबाबदारी घेणारा धर्मपिता म्हणून रेल्वेतले गार्डसाहेब ठरलेले होते, आणि ऐन वेळेला रेल्वेचा कॉलमॅन सायकलवर येऊन त्यांना ड्युटीवर घेऊन गेला. मालगाडी सुटायची होती. फादरांना संध्याकाळच्या मिस्सेसाठी जीपने उमरेडकडच्या खेड्यात पोचायचं होतं, ते सारखे घड्याळ बघत होते. "मास्तर, गॉडफादर किधर है?" बाकांवर बाकीची मंडळी होती, पण पलीकडच्या वस्तीतून आलेल्या या नव्या कंपाउंडर पोराच्या खांद्यावर हात ठेवायला कोणी पुढे होईना. सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसले. तुम्ही वळलात आणि म्हणालात, "पोरी, तू हो उभी. हात ठेव त्याच्या खांद्यावर. उशीर होऊन राहिला." ताई उभी राहिली. तिने हात ठेवला. त्याच्या डोक्यावर पाणी पडलं, आणि ती त्याची धर्ममाता झाली.

आणि त्या काळच्या चर्चच्या कायद्यात धर्ममातेचं तिच्या धर्मपुत्राशी लग्न होत नव्हतं. आत्म्याचं नातं मानायचे ते, रक्ताच्या नात्यासारखं. हे तुम्ही लग्न ठरलेल्या प्रत्येक जोडीला शिकवत होता. मी वर्गात बसून पाठ केलं होतं, तरी त्या दुपारी मलाही सुचलं नाही, फादरांनाही नाही, ताईलाही नाही. उन्हाने सगळ्यांचीच डोकी बधिर झाली होती. त्या चुकीबद्दल मी तुम्हाला एका शब्दानेही बोलणार नाही. घाईगर्दीत माणूस चुकतो. माझा राग पुढच्या गोष्टीचा आहे.

लग्न ठरलं. आपल्या रीतीप्रमाणे वेदीवरून लागोपाठ तीन रविवार दोघांची नावं पुकारायची, आणि कोणाला काही अडथळा ठाऊक असेल तर त्याने येऊन सांगायचं. पहिल्या रविवारी नावं पुकारली तेव्हा ताईचे कान लाल झाले होते. दुसऱ्या रविवारी ती डोक्यावरच्या ओढणीत हसत होती. तुम्ही सीताबर्डीवरून तिच्यासाठी पांढरी साडी आणली होती, बारीक जरीची, तुमच्या पगाराला न झेपणारी. दुसऱ्या रविवारनंतर बुधवारच्या बायांपैकीच एक बाई फादरांकडे गेल्या आणि भीतभीत म्हणाल्या, "पण ती तर त्याची गॉडमदर ना?" त्यांचंही काही चुकलं नाही. विचारलं होतं, त्यांनी सांगितलं.

फादर घाबरले नाहीत. त्यांनी तुम्हाला बोलावून सांगितलं की हा अडथळा फार मोठा नाही, बिशप सूट देतात, तुम्ही मुलीचे वडील म्हणून अर्ज करा, बाकीचं मी बघतो. मला हे ठाऊक आहे, कारण मी ऑफिसच्या दाराशी फुलदाण्या धूत होते. आणि तुम्ही घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे राहून काय म्हणालात? "मी अर्ज नाही करणार. उभ्या पॅरिशले मी नियम शिकवतो. उद्या लोक म्हणतील, मास्तरनं पोरीसाठी कायदा वाकवला."

बाबा, सूट हासुद्धा कायदाच होता! तो वाकवायचा नव्हता, वापरायचा होता. इतरांसाठी तुम्ही तो किती वेळा वापरलात! नात्यात लग्न ठरवून बसलेल्या त्या फिटरसाठी तुम्ही भर उन्हात सायकल मारत बिशप हाऊसला गेला होता. मावसभावाशी जुळलेल्या त्या आयाबाईसाठी तुम्हीच अर्ज लिहिला होता आणि घरी येऊन आईला कौतुकाने सांगितलं होतं, "चर्च आई आहे वं, आईचं मन मोठं असते." मग त्या आईकडे आपल्याच पोरीसाठी पदर पसरताना तुमची मान का ताठली? लोकांच्या पोरींना आईचं मन आणि आपल्या पोरीला कायद्याचं कलम, हा कुठला न्याय? तुम्ही त्याला निष्ठा म्हणत होता. मी त्याला गर्व म्हणते. तुमच्या नावाला डाग लागू नये म्हणून तुम्ही तिचा संसार मोडलात.

आई पहिल्यांदाच तुमच्यावर ओरडली. "लोकाईसाठी पाय झिजवता आन घरच्या पोरीसाठी हात नाही उचलत? काहून?" तुम्ही तिला म्हणालात, "तुले नाही समजत."  ताई कणीक मळत होती, मळतच राहिली. तिच्या वयाच्या मुलीने स्वतः अर्ज करायला हवा होता, असं आजच्या पोरी म्हणतील. पण तुमचं नाही म्हणणं ओलांडून जाता येतं, हे आपल्या घरात कोणाला ठाऊकच नव्हतं.

तो आला होता शेवटचा. अंगणात उभा राहिला, आत आला नाही. "मास्तर, तुमच्याच सांगण्यावरून तिनं हात ठेवला. पाणी मी मनापासून घेतलं, आता तेच पाणी आडवं आलं म्हणता? एक कागद तं लिहाचा हाय." तुम्ही म्हणालात, "नियम मी नाही केला गा." तो म्हणाला, "मोडाले कोण सांगते? विचाराले तं सांगून राहिलो." तुम्ही आत निघून गेलात.  मी त्याला पाणी नेऊन दिलं, त्याने ते प्यायलं नाही, पण तांब्या हातात घेऊन माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला. तिसऱ्या रविवारी वेदीवरून दुसरीच नावं पुकारली गेली. तीनेक वर्षांनी त्याने त्याच्या नात्यातल्या मुलीशी लग्न केलं.

आणि ती साडी! ती तुम्ही पॅरिशमधल्या एका गरीब नवरीला देऊन टाकलीत. त्या मुलीला साडी नीट नेसता येईना, तेव्हा तुम्ही कोणाला पाठवलंत? ताईला. ताईने गुडघ्यांवर बसून तिच्या निऱ्या घातल्या. मी तिथे होते. त्या मुलीची आई तुमच्या पाया पडली आणि तुम्ही तिला आशीर्वाद दिलात. सगळी पॅरिश म्हणाली, काय दिलदार माणूस आहे. मला त्या दिवशी चर्चच्या सगळ्या काचा फोडाव्याशा वाटल्या होत्या.

ताई नर्सिंग शिकली, पॅरिशच्या दवाखान्यात लागली, खेड्यांत जीपमधून फिरली, बायांची बाळंतपणं केली. बुधवारी धंतोलीला जायचं तिने सोडलं, एवढं एकच. मग ऐंशीनंतर रोमने चर्चचा कायदा नव्याने लिहिला, आणि धर्ममाता-धर्मपुत्राचा तो अडथळा त्यातून सरळ काढून टाकला. गेला. तेव्हाचे तरुण फादर केरळचे. एकदा मिस्सेनंतर बोलता बोलता त्यांनी मला हे सांगितलं, आणि मी तिथेच पायरीवर बसले. "मास्तरजी को तो पता है," ते म्हणाले, "मीटिंग में सबको बताया था." मी घरी आले. तुम्ही जेवत होता. ताई तुम्हाला वाढत होती. काही दिवस आधी तुम्ही ही बातमी घेऊन घरी आला होता, तिच्या हातचं जेवला होता, आणि तिला अवाक्षर बोलला नव्हता. ती भांडी घासायला गेल्यावर मी विचारलं, तर तुम्ही ताटातलं शेवटचं शीत वेचून घेतलंत आणि म्हणालात, "आता सांगून काय फायदा?"

फायदा! त्या नियमासाठी तिने बिनलग्नाचा जन्म काढला होता, बाबा. तो नियम बदलता येण्यासारखा होता, एवढं तरी तिला तुमच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं. "चुकलं माझं," असंही म्हणायची गरज नव्हती. तिच्या डोक्यावर नुसता हात ठेवला असतात तरी ती समजली असती. तुम्ही हात धुतलेत आणि वामकुक्षीला गेलात. मग मीच तिला मोरीवर जाऊन सांगितलं. तिने राखेचा हात थांबवला, म्हणाली, "बरं झालं. पुढच्या पोरींचं तरी होईन," आणि पुन्हा घासायला लागली. तिला तुमचा राग आला नाही. ही तिची मोठी चूक होती असं माझं आजही मत आहे, आणि तिच्या वाटचा रागही मला करावा लागतो.

गेल्या महिन्यात तो वारला. ताई त्याच्या घरी जाऊन आली. त्याच्या बायकोने तिला आपल्याजवळ बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी ताई त्याच्या आत्म्यासाठी मिस्सा सांगायला, त्याचं नाव नोंदवायला, पॅरिश ऑफिसात गेली, सोबत मी. तिथे आता कोवळे फादर आहेत, त्यांना जुनं काही ठाऊक नाही. त्यांनी नाव विचारलं, मग सहज विचारलं, "मावशी, तुमचे कोण लागायचे?" ताईने पदर सारखा केला. तिला खोटं बोलता येत नाही, ते तुम्हीच शिकवलं आहे. ती म्हणाली, "मी त्याची धर्ममाता." फादर मान हलवून म्हणाले, "हो का, छान." मला तिथे उभं राहवेना, मी बाहेर येऊन भिंतीला टेकले.

हे पत्र मी कुठे पाठवणार? तुमच्या थडग्यावर ठेवलं तर ताईच्या हाती लागेल, ती वाचेल आणि मलाच रागावेल. म्हणून ते माझ्याजवळच राहील. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. दर वर्षी तुमच्या मृत्युदिनाची मिस्सा मी सांगते, एकदाही चुकवली नाही. यंदा त्या दिवशी मी ऑफिसात गेले आणि तुमच्याऐवजी त्याचं नाव दिलं. रविवारी वेदीवरून ते पुकारलं गेलं, मी गुडघे टेकून ऐकलं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही. यंदा तुमची मिस्सा झाली नाही, बाबा.