आवतन दिलेले बैल

बाबा, गावात पुन्हा गस्त सुरू करायची म्हणताहेत. वावरातल्या विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरीला जाऊ लागल्या, म्हणून काल चार तरणी पोरं माझ्या ओट्यावर येऊन बसली. "आत्याबाई, तुमचे बाबा पोलीस पाटील होते, तवाची गस्त कशी चाले थे लिहून द्या." म्हातारीला लिहिता येतं याचं या लोकांना अजून कौतुक वाटतं. मी हो म्हटलं, कागद घेतला, आणि त्यांना लिहून द्यायचं सोडून तुम्हालाच लिहीत बसले आहे. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली.

आपलं वऱ्हाड तेव्हा नागपूरच्या सरकारच्या हाताखाली होतं. त्या वर्षी गायरानातून दिवसाढवळ्या बैल जायला लागले. तुम्ही दवंडी दिली आणि घरटी एक माणूस पाळीपाळीनं काठी घेऊन गुरांमागे फिरू लागला. तुम्हाला त्या गस्तीचा फार अभिमान होता. पण फौजदार गावी आले तेव्हा आपल्याच ओट्यावर चहा पिता पिता त्यांनी बजावलं होतं, "पाटील, डोळ्यांदेखत चोरी करणाऱ्याला कोणीही धरू शकतो. पण धरला की तडक ठाण्यात आणायचा. तुमची गस्त म्हणजे पोलीस नव्हे. माणूस ठेवून घ्यायचा हक्क तिला नाही." तुम्ही मान डोलावली. मी आत भाकरी थापत होते. मलाही शब्द न् शब्द ऐकू आला होता.

पोळ्याचा आदला दिवस. ऊन अजून उतरायचं आहे. तुम्ही आपल्या जोडीच्या खांद्यांना हळद आणि लोणी चोळता आहात आणि मी पळसाच्या पानानं तो खांदा शेकून बैलांच्या कानाशी म्हणते आहे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." नवरा गेल्यावर मी माहेरी परतले होते, आई त्याआधीच गेलेली, म्हणून हे आवतन द्यायचा मान माझ्याकडे आला होता. शुभकार्यात मला पुढे होऊ देणारं तेवढं एकच काम उरलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. तेवढ्यात गायरानाकडून ओरडा आला. गस्तीच्या सहा जणांनी एकाला उचलून आणलं. घाटाखालचा कोणी होता, गावातला एक बैल सोडून नेताना सापडला होता. पळताना नाल्यात पडून त्याचा घोटा मोडला होता. त्याला चावडीच्या खांबाला बांधलं. पाय आमच्या डोळ्यांसमोर सुजत चालला होता.

तुम्ही म्हणालात, "गाडी जुपा. आताच ठाण्यावर नेतो." ठाणं पाच कोसांवर, आणि तो माणूस पाऊल टेकवू शकत नव्हता. पण गावातल्या साऱ्याच बैलांना त्या दिवशी आवतन दिलेलं. ज्याला जेवायला बोलावलं त्याच्या मानेवर जू कसं ठेवायचं? गाव आडवं आलं. पोळा होऊ द्या, त्याच्या दुसरा करीचा दिवस जाऊ द्या, मग नेऊ. गाडी राहिली. कोतवालाला वर्दी घेऊन पायी पाठवायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही, कारण आपल्याकडे धरलेला माणूस आणि त्याची लेखी रपट एकाच गाडीतून जायची रीत होती. आज हे लिहितानासुद्धा माझं डोकं तापतं. इतकी साधी गोष्ट! पण तोरण बांधायचं होतं, पुरण शिजवायचं होतं, गाव सणात गुंतलं होतं.

पोळ्याच्या दिवशी वाजंत्री वाजत होती आणि तोरणाखाली पाटलांची जोडी म्हणून आपले बैल पुढे होते. झुली घातलेले, शिंगं रंगवलेली. चावडी तिथून हाकेच्या अंतरावर. तुम्ही एकदाही तिकडे पाहिलं नाहीत. मी त्याच्यासाठी पुरणपोळी घेऊन गेले. त्यानं ताटाला हात लावला नाही. पाय काळानिळा पडला होता. तो म्हणाला, "बाई, गाडी कवा जुपता?"

"परवा," मी म्हटलं.

"तवरोक पाय राहीन का माहा?"

मी ताट तिथेच ठेवून निघून आले. करीच्या दिवशी गेलेच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी जुंपली तेव्हा त्याला तापानं शुद्ध नव्हती. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, अक्षर दिसत नसे, म्हणून रपट नेहमी मीच लिहायची. तुम्ही सांगितलंत, "लिही, पोळ्याच्या आदल्या दिवशी दिवस बुडाच्या आत धरला." मी लिहिलं, काल करीच्या दिवशी धरला. फौजदाराचे शब्द माझ्या कानात होते. एका रात्रीचा उशीर खपून जाईल, तीन दिवसांचा नाही खपणार, असा माझा हिशोब. तुम्ही कागद हातानं चाचपून खाली सही केलीत. वाचून दाखव म्हणाला नाहीत. कधीच म्हणत नव्हता.

त्याचा पाय वाचला, पण कायमचा अधू झाला. दवाखान्यात त्यानं सगळं सांगितलं. चोरीची शिक्षा त्याला झालीच, पण बेकायदा डांबून ठेवल्याचा खटला तुमच्यावर आणि गस्तीच्या सहा जणांवर उभा राहिला. सहाही घरांतल्या बाया आपल्या ओट्यावर येऊन रडत होत्या. मेहकरच्या कचेरीत मी मागे भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही शपथ घेतलीत आणि खरा दिवस सांगितलात. सरकारी वकिलानं रपट वर धरली. "यात तर करीचा दिवस आहे. खरं काय, तुमची शपथ की तुमची सही?"

तुम्ही कागदाच्या दिशेनं मान वळवलीत. मला वाटलं, आता मागे वळाल आणि माझ्याकडे बोट दाखवाल.

"शपथ खरी हाय, साहेब. कागद माहा हाय, चूक माही हाय."

"आणि गाडी न जुंपण्याचा हुकूम?"

"थोही माहाच. या पोरायनं चोर धरला, माह्या हवाली केला. पुढचं समदं माह्यावर."

सहा जण सुटले. तुम्हाला शिक्षा झाली आणि आपल्या घरातली पाटीलकी गेली. सुटून आलात त्या दिवशी मी तुम्हाला आणायला गाडी घेऊन गेले. अर्ध्याहून अधिक रस्ता मागे पडला. मग एवढंच म्हणालात, "अक्षर चांगलं हाय तुहं." मी बैलांच्या पाठीकडे बघत राहिले. तुम्ही रागावला असतात, हात उगारला असतात तर मला सोसलं असतं.

त्यानंतरही तुम्ही माझ्याकडूनच लिहून घेत राहिलात. मामाला खुशाली, अमडापूरच्या व्यापाऱ्याला निरोप, सगळं. फक्त दर वेळी शेवटी म्हणायचात, "आता वाच." मी वाचायची. तुम्ही डोळे मिटून ऐकायचात आणि मगच सही करायचात. तुम्ही जाईपर्यंत हे चाललं, आणि मी चुकूनसुद्धा एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

पोरांना मी काय लिहून देणार? चोर दिसला तर धरा, धरला तर त्याच पावली ठाण्यावर न्या, सण बघू नका. एवढंच.

सवय मोडत नाही, म्हणून हा कागदही आत्ता मोठ्यानं वाचला. वाचताना एका जागी जीभ अडली. वर मी लिहिलं आहे, गाव आडवं आलं. गाव मागून आलं, बाबा. जू उचलायला तुम्ही वाकलात तेव्हा गावातलं कोणी तोंड उघडलं नव्हतं. मी बैलांच्या आणि तुमच्या मध्ये उभी राहिले आणि म्हटलं, "म्या आवतन देल्लं हाय यायले. माह्या हातचं एवढंही मोडता काऊन?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि जू खाली ठेवलंत.