आडवा बांबू

माय, उद्या सकाळी दलदलीत खोदायचं मशीन उतरणार आहे. वनरक्षकाचा मघाशी फोन आला होता. "ताई, मशीन धडगावला आलंय. आज रस्त्यालगत उभं आहे, उद्या वर चढेल." माझ्या पेपरच्या बातमीला एवढं पुरे होतं. ती मी वेळेत पाठवली, पण भीती गेली नाही.

तुझ्या शाळेमागच्या त्या दलदलीचं तळं करायचं ठरलंय. गेल्या आठवड्यात सरपंचाला भेटले. तुझाच विद्यार्थी. चहा देत म्हणाला, बाईंची मुलगी बेडकांची वकील झाली वाटतं. मग गंभीर झाला. उन्हाळ्यात बायका खालच्या झऱ्यावर ताटकळतात, खोल खणलं तर पाणी वाढेल, यात वाईट काय? मी म्हटलं, तो झरा या चिखलातूनच झिरपतो. तळाचा चिकणमातीचा थर फुटला तर पाणी खडकाच्या भेगांत जाईल, दलदलही जाईल आणि झराही. "आणि नाही फुटला तर?" त्यानं विचारलं.

शेजारच्या पावरा आदिवासी बायकांनी तुला तिथं चालायला शिकवलं होतं. बांबू दोन्ही हातांत आडवा धरायचा, पाय खचला तर तोच तारतो. अजून दिसतं, मी लहान, आपण गवताला निघालोय. तू पुढे, मी तुझ्या पावलावर पाऊल टाकत. जमीन गादीसारखी हलते. शेवाळात दवबिंदू या किडे खाणाऱ्या वनस्पतीची इवली लाल रोपं, त्यांच्या चिकट थेंबांत चिलटं अडकलेली. पायाजवळून पाणलावा भर्रकन उडतो. मी माझा बांबू उभा करून खाली खुपसते, तळ लागतो का बघायला. पाठीत धपाटा बसतो. शाळेत शुद्ध बोलणारी तू, घाबरलीस की थेट तुझ्या माहेरची, कोरीटची व्हायचीस. "खाल नको खुपसू वं. तठे काय शे, कोनले माहीत?"

सरपंचानं शेवटी एक मान्य केलंय. आधी मधोमध एकच खड्डा घेऊन बघू, पाणी टिकलं तरच पुढे. त्याला वाटतं, त्यानं माझं ऐकलं. मला मात्र त्या खड्ड्यात तो उभा बांबूच दिसतो; थर तिथंच फुटला तर?

उद्या वनरक्षक आणि मी काठावर असू. गावातल्या बायकाही येतील, काही तळ्याच्या आशेनं, काही झऱ्याच्या काळजीनं. तू तर आता नाहीस, हे पत्र कुठे पाठवणार? तुझा बांबू मी काढून ठेवलाय. मशीनपुढे त्याचा काही उपयोग नाही, मला ठाऊक आहे. हातात धरायला काहीतरी हवं, म्हणून नेतेय.