नायिकेची मिशी

प्रिय कल्याण,

'प्रिय' लिहिताना आज हात अडला, पण सवय मोडत नाही. बापाचा गुडघा कसा आहे हे तू विचारत नाहीस, तरी सांगते. दादांना डॉक्टरांनी पट्टा दिलाय, तो ते खुंटीला अडकवून ठेवतात. ज्वारी बरी आलीय. आणि तुझ्या सिनेमाची जाहिरात अख्ख्या खर्डा गावानं मोबाईलवर पाहिलीय.

शंभर वर्षांपूर्वीचा, हरवलेला मूकपट 'विरहिणी चंपा' म्हणे एआयनं पुन्हा जिवंत होणार, आणि त्याची नायिका कोण, तर खर्ड्याच्या रतनबाई, तुझी पणजी! बागेत नायकाच्या खांद्यावर मान टाकून रडतेय. अरे, ती बिचारी माहेर सोडलं तर कधी वेशीबाहेर गेली नाही. सासऱ्यासमोर तिनं पदर नाकाच्या वर सरकू दिला नाही. शेजारच्या चांगुणाकाकी मला विचारतात, "पंकजा, तुमची पणजी लई धीट हुती व्हय गं?" मी काय उत्तर देऊ?

दिवाळीत 'नीट करून आणतो' म्हणून तू ओसरीवरचा फोटो नेलास, तेव्हा मला वाटलं, काचेला तडा गेलाय, ती बदलशील. तू तर तो सिनेमा कंपनीला रतनबाईच्या नावानं देऊन माणूसच बदललास. नऊवारी नेसून, वेणीत फूल माळून बसलेली ती चंपा म्हणजे आपले पणजोबा गहिनीनाथ, हे तुला ठाऊक नव्हतं म्हणू नकोस. लहानपणी त्या काचेवर शाईनं मिशी काढून दादांचा मार खाल्लास तो तूच.

त्या काळी सिनेमात काम करायला बाई मिळत नसे. पणजोबा नगरला कापडाच्या दुकानात होते, तिथून कंपनीवाल्यांनी त्यांना चेहरा बघून उचललं. मिशी मात्र काढावी लागली. आपल्याकडं बाप गेल्याशिवाय मुलगा मिशी उतरवत नाही, आणि त्यांचे वडील चांगले धडधाकट होते. गावी आल्यावर म्हाताऱ्यानं तो उघडा ओठ पाहिला, आडावर जाऊन सुतकाची आंघोळ केली आणि म्हणाला, "ह्याच्या लेखी मी मेलो. मेलेल्या मान्साशी ह्यानं बोलू न्हाई." बापलेक शेवटपर्यंत बोलले नाहीत. जत्रेत तंबूत सिनेमा लागला, चंपाच्या विरहानं बायाबापड्या हुंदके देऊन रडल्या, आणि पणजोबांचे वडील घरात भिंतीकडं तोंड करून बसले.

पुढं बोलपट आले, मुक्या सिनेमाला कुणी विचारेना. त्याची रिळं कुठं जळाली की कुजली, देव जाणे. आपल्या हाती राहिला तो एवढा फोटो. पणजोबांनी तो लपवला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा ओसरीवर लावला. रतनबाई रोज पदरानं पुसायची आणि त्याला 'माझी सवत' म्हणून हसायची. बायकोला लाज वाटली नाही रे! ती तुला पुण्यात बसून वाटली. फोनवर म्हणालास, "अक्का, लोक हसले असते." हसू देत की! पणजोबांनी बापाचा अबोला सोसला, तुला चार लोकांचं हसू सोसत नाही?

पण फोटोपायी मी पत्र लिहायला बसले नसते, फोनवरच भांडले असते. आमच्या राधाकृष्णला कॉलेजच्या एकांकिकेत बाईचं काम मिळालं. पोरानं हौसेनं आधी मामाला फोन केला, आणि तू त्याला म्हणालास, आपल्या घराण्यात असलं कुणी केलं नाही, नाव घालवू नकोस. तो काम सोडून घरी आला, जेवायला उठेना. दादांना कळलं तेव्हा ते तसेच लंगडत आले, माझ्याकडून तुझ्या सिनेमा कंपनीचा नंबर लावून घेतला आणि राधाकृष्णला समोर बसवून ओरडून म्हणाले, "ती बाई न्हाई. त्यो माझा आजा हाय. नाव लिवून घ्या, गहिनीनाथ." कंपनीवाले आता तुला विचारतील, तेव्हा खरं सांग. राधाकृष्ण आज सकाळी तालमीला गेलाय. रविवारी जामखेडला प्रयोग आहे. ये, दादांच्या शेजारी बस, आणि आपल्या घराण्यात असलं कुणी केलं नाही, हे त्यांच्या तोंडावर म्हणून दाखव.

रागावलेली, तरीही तुझीच,
पंकजाअक्का